रेनकोट घालून पाहिलेली बंदूक

मी घर सोडलं त्या सकाळी आमच्या रताळ्यांच्या वाफ्यात रानडुकरं शिरून गेली होती. आई आणि दादा तिकडेच वेली सारख्या करत बसले होते, त्यामुळे मला एसटीवर सोडायला एकटे बाबा आले. ते शेतातून थेट आले होते, खांद्यावर ठासणीची बंदूक तशीच. कंडक्टरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काका, बंदुकीचंपण तिकीट काढायचं का?" बाबा हसले नाहीत. म्हणाले, "झिल जाता, बंदूक रवता."

मुलगा जातो, बंदूक राहते. नववी अर्धवट सोडलेल्या मुलाला निरोप म्हणून एवढंच मिळालं. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटतं, त्यांनी हिशोब बरोबर केला होता. दोघांपैकी शेताला जास्त उपयोगी कोण, ते त्यांना दिसत होतं.

गावाकडे राहिलेल्यांसाठी हे लिहितो आणि माझ्यासारखी बॅग घेऊन जे चाकणला, भोसरीला, पिंपरीला उतरले त्यांच्यासाठीही. राहिलेल्यांना वाटतं आम्ही सुटलो. गेलेल्यांना वाटतं तिकडे सगळं होतं तसंच थांबलंय. दोन्ही खोटं आहे, हे मला एका बंदुकीने शिकवलं.

मी चाकणजवळ निघोज्याला एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये आहे. पत्रा ठेवायचा, दोन्ही हात दोन बटणांवर, तेव्हाच प्रेस खाली येते. एक हात जरी मोकळा असला तरी मशीन हलत नाही. पहिल्या आठवड्यात हे समजलं आणि या कामावर माझा जीव जडला. मी मुळातच घाबरट. ज्या मशीनला माझ्या बोटांची काळजी आहे, तिच्यापुढे उभं राहायला मला बरं वाटतं. राहायला खोली मिळाली ती आण्णांच्या चाळीत. आण्णा इथलेच, जुने शेतकरी. आमची कंपनी जिथे उभी आहे त्याच्या बाजूलाच त्यांचं रान होतं. ते गेलं, पैसे आले, चाळ उभी राहिली, बोटात अंगठी आली. भाडं उशिरा दिलं तर आण्णा एकदाही बोलले नाहीत. फक्त सकाळी नळावर भेटले की विचारायचे, "काय कोकणे, ओव्हरटाइम लागला का न्हाई?" लागला म्हटलं की, "मंग ऱ्हाऊ दे, जेवून घे."

आई गेली. दादा गोव्याला हॉटेलच्या किचनमध्ये लागला. बाबांचे डोळे अधू झाले आणि शेतात राहिली सुनंदावहिनी, दादाची बायको. भात, काजू, थोडी नाचणी, परसात भाजी, सगळं ती बघायची. डुकरं मात्र वाढत गेली. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. बाबा म्हणायचे, "डुकरांक आचारसंहिता बरोबर कळता." मागच्या वर्षी भात पोटरीत आलं, कणसं बाहेर पडायच्या बेतात होती आणि कळप असे फिरले की कापायला काही उरलंच नाही. ठासणीची बंदूक पावसात ओली झाली, बार उडालाच नाही.

त्यानंतर बाबांचा फोन आला. "एक पावसाळो बघू. जमला तर जमला. नाय तर घराक कुलूप लावून तुझ्याकडे येतलाव."

खरं सांगायचं तर मी स्वतःच त्यांना कित्येकदा म्हटलं होतं, इकडे या म्हणून. पण कुलूप हा शब्द बाबांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

बाबांना वयामुळे परवाना पुढच्या माणसाला द्यायचा होता. दादा गोव्यात, मी इथे. वहिनी म्हणाली, "माझ्या नावावर करा. डुकरांक काय माहीत, बंदुकीमागे पुरुष हा की बाई?" कचेरीत कितीतरी हेलपाटे घालून तिने तो करून घेतला. शेती संरक्षणाचा परवाना, नाव सुनंदा. नवी बंदूक घ्यायची परवानगीही मिळाली. मग ती पुण्याला आली, एका हातात काजूगरांची पिशवी आणि दुसऱ्या हातात एक जाडजूड गाठोडं.

आण्णांना कळल्यावर ते हट्टालाच पेटले. त्यांची स्वतःची बारा बोरची दुनळी आहे, लग्नात खांद्यावर घेऊन फोटो काढलेली. "आरं, बंदूक घ्यायची आन आण्णाला सोडून? गाडी काढतो." मी तोपर्यंत मोबाइलवर बघून बघून मन पक्कं केलं होतं. दुनळी आपल्याला परवडत नाही, एकनळीत एकच काडतूस बसतं, म्हणजे ठासणीसारखीच गत. मधला मार्ग पंप-ॲक्शन. पोटात चार-पाच काडतुसं, पुढचा दस्ता मागे ओढला की रिकामं बाहेर, पुढे ढकलला की नवं आत. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे की तिला दोन हात लागतात. एका हाताने ती भरत नाही. माझ्या प्रेससारखीच वाटली. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "पंपाची? म्हणजे फवारणीचो पंप?"

पुण्यात कॅम्पातलं बंदुकांचं दुकान जुनं, काचेची कपाटं. दुकानदार म्हातारे, सरळ आण्णांकडे वळले. "काय साहेब, पिस्तूल की बारा बोर?" आण्णांनी अंगठा वहिनीकडे केला. "बाईसाहेबांना इचारा. परवाना त्यांचा हाय."

दुकानदारांनी परवाना उलटसुलट पाहिला आणि एक पंप-ॲक्शन तिच्या हातात दिली. वहिनीने काय करावं? दस्ता पायाशी टेकवला, बंदूक उभी धरली आणि नळीचं तोंड छातीला कुठे लागतं ते बघितलं. आमच्याकडे ठासणीची बंदूक अशीच निवडतात, कारण वरून दारू ठासायला हात पोचला पाहिजे. दुकानातला पोऱ्या खुदकन हसला. "ताई, ही वरून नाही भरायची."

"सवय रे बाबा," वहिनी म्हणाली आणि तीही हसली.  मला मात्र वाटलं, हे हिला जमणार नाही.

मी ज्या मॉडेलवर मन बसवलं होतं, ते पुढे आलं. लांब नळी, अक्रोडाच्या रंगाचा दस्ता, किंमतही आमच्या आवाक्यातली. मी म्हटलं, हीच. आण्णा म्हणाले, "झकास दिसती राव." वहिनीने ती खाली ठेवली, गाठोडं सोडलं आणि आतून दादाचा रेनकोट काढला. जाड, हिरवा, गुडघ्याखाली जाणारा. भर उन्हाळ्यात, कॅम्पातल्या दुकानात तिने तो साडीवर चढवला, बटणं लावली, टोपी डोक्यावर ओढली.

"अगं बाई, इथं काय पाऊस पडतोय व्हय?" आण्णा.

"इथे नाय पडणा. पण माळ्यावर पडता," ती म्हणाली. "पावसात राखणीक मी काय हळदीकुंकवाची साडी नेसून बसतंय?"

माळा म्हणजे शेतातली उंच मचाण. तिथे पावसात बसायचं, पाण्याच्या आवाजात डुकरांची चाहूल घ्यायची आणि बंदूक खांद्याला लावायची. आणि ती लावून पाहायला लागली. माझी निवडलेली बंदूक उचलली की दस्ता काखेत रेनकोटला अडकायचा. पुन्हा उचलायची, पुन्हा अडकायचा. दुसरी दिली, ती खांद्याला टेकली पण पंप ओढायला तिचा डावा हात पुढे पुरेना. तिसरी इतकी जड की नळी खाली झुकायला लागली. दुकानात आता कोणी हसत नव्हतं. वहिनीचं कपाळ घामाने भिजलं होतं. शेवटी तिने टोपी मागे केली. "नको भावजी. जाऊया."

तेवढ्यात माझ्या डोक्यात खोली मोजून झाली होती. बाबांची खाट खिडकीशी, वहिनीला स्वयंपाकाच्या कोपऱ्याकडे. आणि घराच्या कडीत कुलूप.

दुकानदार आत गेले. एक काळी, आखूड बंदूक घेऊन आले. दस्ता लाकडाचा नाही, प्लास्टिकचा. नळीवर एक ओरखडा. "आपल्याकडचीच आहे बनावट. कुणी घेत नाही, म्हणून मागे पडून राहिली. लग्नाच्या फोटोत शोभत नाही ना." आण्णांनी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळवली.

वहिनीने रिकामी बंदूक उचलली. पहिल्याच झटक्यात खांद्याला लागली. डोळे मिटले, परत उचलली, परत लागली. डाव्या हाताने पंप मागे ओढला, पुढे ढकलला. खटाक-खटाक. "पावसात भिजली तर?" "पुसून तेल द्यायचं. लाकूड फुगायची भीती नाही." "शेवाळ्यावर पडली तर?" "मग तुम्ही पडाल, ती नाही," दुकानदार म्हणाले. वहिनी हसली. मी म्हटलं, "वहिनी, दिसायला जरा..." तिने माझ्याकडे बघितलं. "भावजी, माका दिसणारी नको. चालणारी व्हयी."

बघितलेल्यांतली सगळ्यात स्वस्त तीच निघाली. पैसे मी माझ्या पगारातून दिले. दुकानदारांनी बिल करताना वहिनीला विचारलं, तो रेनकोट घालून बघायची अक्कल कुणी दिली? ती म्हणाली, कोणी नाही, गेल्या पावसाळ्यात ठासणीची बंदूक अशीच रेनकोटला अडकली होती म्हणून. इतकी वर्षं दुकान चालवतोय, असं गिऱ्हाईक आलं नव्हतं, ते म्हणाले, आणि तेलाची बाटली फुकट दिली.

आण्णांनी तर कमाल केली. बंदूक एसटीतून न्यायला नको म्हणून गाडी थेट आमच्या गावापर्यंत आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर उभे राहून त्यांनी खाली ओढ्यापर्यंत बघितलं आणि मला म्हणाले, "येवडं रान हाय आन तू माझ्या खोलीत ऱ्हातो व्हय रं?"

मी म्हटलं, "आण्णा, तुमच्या खोलीत राहतो म्हणून हे रान राहतं."  ते बाबांच्या शेजारी जाऊन बसले आणि दोघं दुपारपर्यंत डुकरांच्या गोष्टी करत राहिले. एकमेकांची भाषा निम्मी कळत होती. त्यांचं कुठेही अडलं नाही.

पाऊस सुरू झाला. वनखात्याची परवानगी काढून ठेवलेली होती. पहिल्यांदा कळप उतरला त्याची हकीकत वहिनीने फोनवर सांगितली, हसून हसून तिला बोलवेना. "बार काढलंय, आणि बंदूक पायाशी उभी करून रवलंय! हात गेलो कमरेक, दारूची पिशवी शोधूक! खाली बाबा बोंबलतत, अगो ओढ, पंप ओढ! तोवर डुकरा गेली." ठासणीचा एकच बार असतो. बाबांनी तिला तेच शिकवलं होतं, एक बार काढ आणि थांब. आत चार काडतुसं शिल्लक आहेत, हे हातांना माहीतच नव्हतं.

मी फोनवर हसलो आणि नंतर शिफ्टला गेलो तर डोक्यात एकच विचार. पिसाळलेलं डुक्कर उलटलं असतं तर? पण वहिनी घाबरून बसणारी नाही. रोज दुपारी भांडी घासून झाली की ओसरीवर रेनकोट घालून रिकामी बंदूक घेऊन उभी राहायची. उचल, चाप, ओढ, ढकल. शेजारीण म्हणायची, सुनंदाक लागीर झाला. डावा हात आपोआप मागे येईपर्यंत तिने ते सोडलं नाही. माझ्या लाइनवर नवीन पोरं येतात, त्यांना मी आता हेच सांगतो, हाताला कळेपर्यंत करत राहा.

पुढच्या खेपेला वाडीतल्या पोरांनी हाकारे देत ओढ्याकडून रान उठवलं आणि वहिनीने दुसऱ्या बाराला मोठा नर आडवा केला. त्यानंतर कळप आमच्या शेताकडे फारसा फिरकला नाही. भात उभं राहिलं.

पण वाडीत चुटपुट राहिली. आमच्याकडे शिकार झाली की वाटे काढतात. मारणाऱ्याचा, रान उठवणाऱ्यांचा, कुत्रा ज्याचा त्याचा आणि बंदूक ज्याची त्याचा. आता नियमाप्रमाणे मेलेलं डुक्कर वनखात्याच्या ताब्यात गेलं. शिकार झाली आणि वाटे नाहीत, असं कधी घडलं नव्हतं. 

मग भात कापून, झोडून, भरडून झाल्यावर वहिनीने अंगणात केळीची पानं मांडली आणि तांदळाचे वाटे काढले. पोरांना एक, कुत्र्याच्या मालकाला एक. बंदुकीचा वाटा राहिला. कुणीतरी म्हणालं, "तो तुझोच गो, परवानो तुझो." ती म्हणाली, "परवानो माझो. पण बंदूक निघोज्याच्या पगारातसून इली. तेची खूण नको ऱ्हवाक?"

चाकणला येणाऱ्या टेम्पोतून बंदुकीच्या वाट्याची गोणी माझ्या दारात उतरली. अर्धा तांदूळ मी आण्णांच्या घरी नेऊन दिला. काकूंनी त्याच दिवशी शिजवला. आण्णांनी ताट ओढलं, पहिला घास खाल्ला आणि म्हणाले, "इतक्या वर्सांनी कुणाच्या तरी रानातलं खातोय. दुकानातलं न्हाई."

बाबांचा फोन आला तेव्हा मी विचारलं, कुलपाचं काय? ते म्हणाले, "कसला कुलूप? कडी पण लावीत नाय दिवसाची."

मी इथेच आहे. इथे मला काम मिळालं, जेवू घालणारं माणूस मिळालं आणि इथून जायचा माझा विचार नाही. पूर्वी गावाचं नाव निघालं की काहीतरी सुटून गेल्यासारखं व्हायचं. आता तसं होत नाही. दुपारच्या सुट्टीत कॅन्टीनच्या बाकावर डबा उघडतो. तांबूस, जाड भात. शेजारचा लातूरचा हणमंत वाकून बघतो आणि विचारतो, "कुठला रे हा तांदूळ?"

मी म्हणतो, "घरचा."