बाबांच्या उजव्या बाजूला

माझा अशा गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. शाळेत विज्ञान शिकवते मी. ग्रहणात मुद्दाम भजी तळणारी बाई... शेजारणी नावं ठेवतात, आणि वास सुटला की त्याच येऊन बसतात. तेव्हा हे वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा.

आम्ही पनवेलला राहतो, वरच्या मजल्यावर, डोक्यावर गच्ची. बाबा मूळचे जासईकडचे. तरुणपणी आईबाबा दोघंही मिठागरात राबले. आई जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी बाबा स्कूटरवरून पडले, मेंदूला जबर मार बसला. जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं एक-दोन शब्दांवर आलं. व्यायाम म्हटलं की डोळे मिटून घ्यायचे.

घरी येणाऱ्या फिजिओ मॅडम एकदा वैतागून म्हणाल्या, "ताई, नुसता व्यायाम पुरत नाही. ओळखीचे वास, ओळखीचं काम असं काहीतरी द्या त्यांना. भिंतीकडे बघत पडून राहिले तर मेंदूही पडूनच राहील."

मिठागरात हंगामाआधी जमीन पायांनी तुडवून घट्ट करतात. माणसं एकमेकांना धरून ओळीत उभी राहतात आणि एका ठेक्यात पाय आपटतात. मी उरणच्या मामाकडून खाडीचा चिखल गोण्या भरून मागवला आणि गच्चीत ताडपत्रीवर पसरला. सोसायटीशी कडाक्याचं भांडण झालं, ते जाऊ दे. मॅडमच्या मदतीने बाबांना वर नेऊन त्यात उभं केलं. त्यांनी वास घेतला... आणि पाय उचलला. उजवा!

मग रोज सकाळी तुडवणं सुरू झालं. मॅडम डावीकडून त्यांच्या कमरेचा पट्टा धरायच्या. एके दिवशी हळूच म्हणाल्या, "ताई, इकडे बघा. मी पट्टा सोडलाय."

बाबा पार उजवीकडे कलले होते. कोपरातूनही न हलणारा उजवा हात कुणाच्या तरी खांद्यावर टाकावा तसा हवेत होता.

"असं उभं राहताच येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "सगळं वजन लुळ्या बाजूवर आहे. पडायला हवेत हे."

मी आधार द्यायला धावत उजवीकडे गेले, तर बाबा खेकसले, "सरक! तुजी आय हाय तितं."

अपघातानंतरचं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य. ओळीत आई कायम बाबांच्या उजवीकडे असायची, हे मला मामाने नंतर सांगितलं.

"काही बोलते का ती?" मी एकदा विचारलं.

"नाय. नुसती धरते."

माझ्याबद्दल काही विचारलं का, हे तोंडापर्यंत आलं होतं. शाळेतून आल्यावर मी एकटीच त्या चिखलात हात लांबवून उभी राहायचे. कुणी नाही. इतका हेवा वाटायचा मला बाबांचा... लुळ्या पडलेल्या माणसाचा हेवा!

हळूहळू बाबा सुधारले. कलणं गेलं, पट्टा सुटला, एकटे जिना उतरून पेपर आणायला जाऊ लागले. मॅडम खूश. मी शाळेत पेढे वाटले. घरी बाबांनी तेवढा पेढा बाजूला सारला.

गेल्या रविवारी सकाळी कपडे वाळत घालायला वर गेले, तर बाबा चिखलातून चालत होते, उजवा पाय फरफटत. मला धडकीच भरली — पुन्हा काही झालं की काय?

"बाबा, पायाला काय झालं?"

"काय नाय."

त्यांनी उजवा हात हवेत टाकला, डोळे मिटले आणि सगळं अंग उजवीकडे झोकून दिलं. मी पोचेपर्यंत धाडकन पडले.

चिखल होता म्हणून लागलं नाही. मी त्यांना उठवून बसवलं, तोंड पुसलं. हुंदके देत म्हणाले, "बरा झालो ना आता... म्हनून नाय धरत."

मॅडम म्हणतात, मेंदूला मार लागला की भास होतात. असतीलही. पण मग तेव्हा ते पडले का नाहीत, हे त्यांना सांगता येत नाही, आणि मला तर नाहीच नाही. बाबा चालू लागले याचा आनंद आहेच... पण खरं सांगू? त्यांना चालतं करून आईला मी दुसऱ्यांदा घालवलं, असं वाटत राहतं.