साहेब, ते आधी वाचा

बिभीषणनाना फौजेत बावीस वर्षं होते. या बावीस वर्षांत बंदूक हातात यायची ती वर्षातून एकदा, फायरिंगच्या यादीत नाव लागायचं म्हणून. बाकी सगळी नोकरी टाईपरायटरवर. हवालदार क्लार्क. कर्जत तालुक्यातल्या त्यांच्या गावाला हे काही पटायचं नाही. गावाला फौजी म्हणजे मिशा आणि सीमेवरचे किस्से. नानांकडे मिशा होत्या, पण किस्से सगळे कागदांचे. कुणाची पेन्शन अडली की माणसं यायची, चहा प्यायची आणि नाना सांगतील त्यातलं अर्धं तिथेच सोडून जायची.

त्या मंगळवारी दुपारी शेजारच्या कडूबाई मोबाईल पुढे धरूनच धावत आल्या. "नाना, आपल्या कल्याणवर आळ आलाय. घ्या, बोला तुमीच."

कल्याण कडूबाईंचा मुलगा, फौजेत चार वर्षं झालेला शिपाई. स्टोअरमधली एक दुर्बीण नाहीशी झाली होती आणि वहीत ती त्याच्या नावावर दिलेली दिसत होती. उद्या दहा वाजता समरी होती, म्हणजे साक्षीपुरावे लिहून घ्यायचं काम. त्या कागदावर पुढे खटला चालतो, नोकरी जाते, कधी तुरुंगही होतो.

"तू काय म्हनलास त्यांना?" नानांनी विचारलं.

"स्टोअरच्या हवालदारानं दरडावलं, तवा म्हनलो, गलती हो गई साब."

"घेतली हुतीस का दुर्बीण?"

"न्हाई नाना."

"मग गलती कशाची?"

कडूबाईच मध्ये पडल्या. "आवं, मोटं मानूस चिडलं की चुकलं म्हनायचं. मीच शिकवलंय त्याला. उद्या बी तेच म्हनंल, पाया पडंल, साहेब सोडून देत्याल."

नाना ताडकन उभे राहिले. आता यात कडूबाईंना तरी काय बोलायचं? आपल्याकडे गुन्हा कबूल करायला हा शब्द कोण वापरतो? बांधावरून जुंपली, सोयरीक अडली, सरपंच तापला, की कुणीतरी एकजण 'चुकलं' म्हणतो, चहा होतो आणि विषय मिटतो. फौजेच्या कागदावर तो शब्द गेला की मात्र चहाबिहा काही येत नाही.

नानांना हे पक्कं माहीत होतं, कारण तसा एक कागद त्यांनी स्वतः टाईप केला होता. आरोपीचं म्हणणं लिहून घेण्याआधी अधिकाऱ्याने त्याला सांगायचं असतं: तुला काही सांगायचं आहे का? सांगायलाच हवं असं नाही, पण सांगशील ते लिहून घेतलं जाईल आणि पुराव्यात वापरलं जाऊ शकेल. नियमच आहे तसा. नाना हे वाक्य आदल्या दिवशीच टाईप करून ठेवायचे. एकदा एका साहेबाने ते वाचलंच नाही. समोरचा जवान 'गलती हुई' म्हणाला, सही केली आणि नोकरीला मुकला. नाना तिथेच, टाईपरायटरमागे बसलेले. त्यांनी तोंड उघडलं नाही. त्याची लाज त्यांना अजून वाटायची.

"कल्याण, नीट ऐक." नानांचा आवाज असा चढला की दारातल्या कोंबड्या पळाल्या. "आदी साक्षीदार बोलत्याल. त्यांना प्रश्न विचारायचा हक्क तुला हाय. वहीत तारीख कोनती?"

"नऊ."

"नवाला तू कुटं हुतास?"

"घरी. रजेवर हुतो की नाना मी. बाराला परत गेलो."

आपण काय बोललो ते लक्षात येऊन कल्याण फोनवर हसायलाच लागला. इकडे कडूबाई रडायला लागल्या आणि नाना येरझाऱ्या घालू लागले. लग्नात नवरदेवाचा मामाही इतका नाचत नाही.

"आन् तुजं म्हननं घेन्याआदी साहेबानं एक वाक्य वाचायचं असतं, ते वाचल्याबिगर सोताचं म्हनून एक शबूद बोलायचा न्हाई. न्हाई वाचलं तर म्हनायचं, साहेब, ते आदी वाचा."

"साहेबाला असं म्हनू?"

"म्हन. हिंदीत म्हन."

दुसऱ्या दिवशी नाना इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून कडूबाईंच्या ओट्यावर. समरी जणू तिथेच भरणार होती. फोन आला तेव्हा एक वाजला होता. कल्याण एका दमात सांगत सुटला. त्याने स्टोअरच्या हवालदाराला तारीख विचारली, रजेचा कागद पुढे ठेवला. हवालदाराला घाम फुटला. मग साहेबांनी सरळ विचारलं, तुझं काय म्हणणं आहे? कल्याण म्हणाला, साहेब, ते आधी वाचा. साहेबांनी पेन खाली ठेवलं, त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि सावकाश, शब्द न् शब्द वाचून दाखवलं. मग कल्याण म्हणाला, मला काही सांगायचं नाही. तेवढी एकच ओळ कागदावर गेली. आता वहीत ते नाव कुणी लिहिलं याचीच चौकशी लागली होती.

नानांनी ओट्यावर थाप मारली. आनंदाने त्यांना बसवेना. कडूबाई मात्र पदराने डोळे पुसून विचारात पडल्या.

"म्हंजी बोलायलाच पायजे असं न्हाई, हे साहेबानंच आदी सांगायचं असतं?"

"व्हय वहिनी. नियम हाय."

"आन् तुमाला हे पयल्यापासनं ठावं हुतं?"

"बावीस वर्सं."

"मग आपल्या गावची येवढी पोरं फौजंत गेली," कडूबाई म्हणाल्या, "त्यातल्या एकाला तरी तुमी सांगितलं का, नाना?"