आबांच्या कानांचं चार्जिंग

आबांना ऐकू येत नाही याची घरात सगळ्यात मोठी सोय कुणाला असेल तर ती आईला होती. आबा साखर कारखान्यात मिलच्या रोलरांशेजारी तीस वर्षं उभे राहिले आणि निवृत्त होताना कान तिथंच ठेवून आले. तेव्हापासून आई त्यांच्यासमोर बसून त्यांच्याबद्दल वाटेल ते बोलायची. भाजी निवडताना, भाकरी थापताना तोंडाचा पट्टा चालू. “फिराय चाललोय म्हणतंय आणि रंकाळ्यावर भेळ हाणून येतंय. मिशीत शेव हाय की अजून!” आबा समोर पेपर घेऊन बसलेले. मधूनच मान वर करून हसायचे. आईपण हसायची आणि पुढचा विषय घ्यायची. तो बहुतेक शिरोळच्या नणंदेचा असायचा.

हे सगळं बिघडवलं मी. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. वर्गात पोरं ऐकत नाहीत, म्हणून घरात नवीन काही आलं की ते आईवडिलांना समजावून सांगायची मला खोड आहे. दिवाळीत आबांना कानाची मशीन आणली, शेंगदाण्याएवढी दोन. ती डबीत ठेवायची आणि डबी एका चपट्या चकतीवर ठेवायची, की आपोआप चार्ज होतात. डबीला वायर जोडायची भानगड नाही. आबांची बोटं जाड, बारीक पिन त्यांना कुठली घालता येणार, म्हणून मुद्दाम असलं घेतलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, “रोज घालायची. सवय मोडली तर पुढं आवाज कानावर पडूनसुद्धा कळायचे नाहीत.”

आई चकतीकडे संशयानं बघत म्हणाली, “वायर न्हाय, मग वीज येती कुठनं?”

झालं! मला निमित्तच पाहिजे होतं. चकतीत तांब्याच्या तारेचं वेटोळं आहे, डबीत दुसरं वेटोळं आहे, पहिल्यात वीज खेळली की न शिवता दुसऱ्यात उठते. मध्ये कापड चालेल, कागद चालेल, धातूचं काही ठेवायचं नाही, नाहीतर सगळं तिथंच अडतं. असं अर्धा तास चाललं. आबा नव्या कानांनी ऐकत होते. शेवटी म्हणाले, “हळू बोल की रं. वरडतोस कशाला?”

आबांनी मला हळू बोल म्हणावं! खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

दुसऱ्या दिवशी चकतीवर क्रोशाचा रुमाल आला. आमच्याकडे उघडं काही राहत नाही. टीव्हीवर रुमाल, मिक्सरवर रुमाल, मी दहा मिनिटं स्वस्थ बसलो तर माझ्यावरही पडेल. पण कापड चालतं असं मीच सांगून बसलो होतो, आता तोंड कुठल्या तोंडानं उघडणार?

पंधरा दिवस झकास गेले. मग एका सकाळी मशीन मुकी. डबी रात्रभर चकतीवर होती, तरी चार्जिंगचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी चालू, मग परत दोन दिवस बंद. च्या मारी! मी अडाप्टर बदलला, बोर्ड बदलला, खोली बदलली. शेवटी सगळा संसार पिशवीत घालून राजारामपुरीत दुकानात नेला. तिथं डबी चकतीवर ठेवल्याबरोबर हिरवा दिवा लागला. दुकानदार म्हणाला, “पावणं, काय झालेलं न्हाय हिला. घरात नीट ठेवता न्हवं?” फिजिक्सच्या मास्तराला हे ऐकून घ्यावं लागलं.

घरी येऊन मी सगळा राग रुमालावर काढला. “आई, ह्यो काढ आधी. जाड हाय.”

“रुमाल पातळच हाय,” आई म्हणाली, “तुझं शिक्षण जाड हाय.” आणि आत निघून गेली. त्या दिवसांत ती तशीही कमीच बोलायची. मला वाटलं, वय झालं. मला काळजी आबांच्या कानांची होती. असं दोन दिवसाआड चाललं तर आलेलं ऐकणं परत जाणार, हे मला दिसत होतं आणि कारण काही सापडत नव्हतं.

सापडलं ते एका सकाळी साडेपाचला. मला लवकर जायचं होतं. आई बाहेर नळाला पाणी भरत होती. मी बाहेरच्या खोलीत आलो तर आबा चकतीपाशी वाकलेले. त्यांनी डबी उचलली, रुमालाखाली हात घातला आणि चहापुडीच्या डब्याचं झाकण बाहेर काढलं. स्टीलचं.

“आबा, हे काय!” मी ओरडलो. त्यांना काय ऐकू येणार? खांद्याला हात लावला तेव्हा वळले. झाकणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“तूच शिकिवलंस की,” म्हणाले. “मधी धातू नको म्हणून. तुझ्या वर्गात मी एकटाच पास झालो.”

“पण का आबा? डॉक्टर काय म्हणाले?” मी हातवारे करून विचारलं.

आबा खाटेवर टेकले. आपण हळू सांगतोय असं त्यांना वाटत होतं, पण आवाज अख्ख्या गल्लीला जात होता. “मला ऐकू याय लागलं तशी तुझी आई बोलायची बंद झाली. ‘च्या घ्या, जेवाय या,’ एवढंच. पावण्याशी बोलल्यागत. आधी कसं, दिवसभर माझ्याकडं बघून बोलायची. काय बोलती कळायचं न्हाय, पण माझ्याशी बोलती हे कळायचं की! आता कान हायत आणि तीच गप. मग त्या कानांचं करू काय? मशीन बंद हाय म्हटल्यावर बोलती बघ.”

मी मागं बघितलं तर दारात आई, कमरेवर भरलेली घागर. सगळं ऐकलेलं.

“लाज वाटायची मला,” ती मला म्हणाली. “इतकी वर्षं तोंडाला येईल ते बोलून बसले. आता ह्यांना सगळं ऐकू येणार म्हटल्यावर तोंड उघडायची चोरी झाली.”

तिनं घागर खाली ठेवली. आबांच्या हातातलं झाकण काढून घेतलं. रुमाल बाजूला केला, डबी स्वतः चकतीवर ठेवली आणि हिरवा दिवा लागेपर्यंत तिथनं हलली नाही. “किती वेळ लागंल?”

“दोन तास.”

दोन तास तिनं चकार शब्द काढला नाही. मी कॉलेजात फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. जाणार कसा? मग तिनं मशीन आबांच्या कानात आपल्या हातानं घातली, स्टूल ओढलं आणि त्यांच्या पुढ्यात बसली.

“आलं का ऐकू?”

“आलं.”

“मग ऐका आता. वला टावेल गादीवर कोण टाकतंय? आणि तुमची भैन काय समजती स्वतःला?”

आईचा चेहरा लाल झाला होता, पण ती थांबली नाही. आबा तिच्याकडे बघत होते, वाकून, एक शब्द सुटू नये म्हणून. मी चहा घेऊन पुढं झालो तर त्यांनी हातानंच मला अडवलं.

“थांब रं,” म्हणाले. “बोलतीया ती.”