फुफाट्यातले थेंब

तामलवाडीकडच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या, तेव्हा त्यांच्या कच्च्या रस्त्यावर पाणी मारायचं काम मी घेतलं. भाव माझ्या मनासारखा ठरवला. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर मजुरी करून स्वतःचे टँकर उभे केलेल्या माणसाला भाव करायला शिकवावं लागत नाही. रस्ता माझ्या थोरल्या बहिणीच्या दारावरून जात होता. आक्काला जुना दमा. हे काम परक्या हाती जायला नको, हेही माझ्या मनात होतं. ते पुढं कुणी जमेस धरलं नाही.

सुरुवातीला मुरूम पाणी पीत होता. मग जड ट्रेलरांनी तो दळून दळून त्याचा फुफाटा केला. पाय टाकला की घोट्यापर्यंत जायचा. वरून गाड्यांचं डिझेल आणि ऑइल रोज त्यात ठिबकत होतं. मी खेपेवर खेप मारत होतो आणि टँकर वळणाआड जायच्या आत धूळ पुन्हा उठत होती.

चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, "मालक, टँकरला मागून भोकं हायत का न्हायत? का नुसतं हवा खायला फिरवून आणता त्याला?"

सगळे हसले. मी त्याच्या हातातला कप उडवला. तेही मी विसरलो असतो. पण त्याच संध्याकाळी आक्का दारात पदर नाकाला लावून उभी होती. म्हणाली, "माझ्या दारातबी पाणी चोरतोस व्हय रे?" आणि दार लावून घेतलं. आतून तिचा खोकला ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला पुढं पाठवून मी टँकरच्या मागं चालत गेलो. पाणी पडत होतं, भरपूर पडत होतं. पण धुळीत मुरत नव्हतं. प्रत्येक थेंब पडल्याबरोबर अंगाला धूळ गुंडाळून घेत होता आणि त्याची करडी गोळी होत होती. हजारो गोळ्या उतारानं घरंगळत कडेच्या चरात चालल्या होत्या, आणि खालचा फुफाटा कोरडाच्या कोरडा. एक गोळी तळहातावर घेतली. हात ओला झाला नाही. फुंकर मारली की ती पळायची. दोन गोळ्या एकमेकींवर ढकलल्या तर मिसळल्या नाहीत, आपटून बाजूला झाल्या. उन्हात ठेवली तर हळूहळू मनुक्यासारखी सुरकुतली. इतकी वर्षं पाण्यावर पोट भरलं, पण पाणी असं वागताना कधी पाहिलं नव्हतं.

तो फुफाटा ताटलीत घेऊन मी आक्काच्या दारात गेलो. ती भांडी घासत होती. तिच्यासमोर थेंब टाकला, ताटली कलती केली, गोळी इकडून तिकडं पळवून दाखवली. मग साबणाचं बोट तिनं गोळीला लावलं. गोळी फुटली, चिखलाचा डाग झाला.

"साबण घाल टाकीत," ती म्हणाली. माफी वगैरे काही नाही.

मी धुण्याची पावडर टाकीत कालवली. त्या खेपेला रस्ता काळा झाला, धूळ बसली. आक्कानं खिडकी उघडलेली मी टँकरच्या आरशात पाहिली. पण तासाभरानं पवनचक्कीचं पातं घेऊन आलेला ट्रेलर उतारावर घसरला. पात्याचं टोक आक्काच्या पत्र्यावरून फिरून गेलं. लागलं नाही, पण त्याची सावली पूर्ण घरावरून सरकताना मी पाहिली.

सुपरवायझर ओरडत आला. "शेठ, हे साबणाचे धंदे बंद. साधं पाणी मारा."

"साध्या पाण्यानं धूळ बसत न्हाय."

"धूळ बसवायला कोण सांगतंय? पाणी मारल्याचं दिसलं पाहिजे. तुमच्या गावाची तेवढीच अट आहे."

मी हे आक्काला सांगितलं. मला वाटलं, आता तरी तिला पटेल की चोर मी नाही. ती दम्याचा पंप तोंडाला लावून बसली होती. श्वास जुळल्यावर म्हणाली, "म्हंजे तू पाणी मारतोस म्हनून गाड्या चालत्यात."

"मी सोडलं तर दुसरा येईल, आक्के."

"येईल की. पर तो माझा भाऊ नसंल."

सकाळी भरलेला टँकर मी तिच्या दारासमोर आडवा लावला आणि किल्ली खिशात घातली. दोन्ही बाजूंना गाड्या तुंबल्या. हॉर्न सुरू झाले. सुपरवायझर आला, पण या वेळी ओरडला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "बोला, किती वाढवून देऊ?"

हा प्रश्न समोरच्याच्या तोंडून यावा म्हणून मी आयुष्यभर माणसं दमवली आहेत. मी म्हणालो, "ह्या घरापासून वळणापर्यंत डांबर."

"ते माझ्या हातात नाही."

"मग गाडी हलवणं माझ्याबी हातात न्हाय."

तो फोन लावत बाजूला गेला. एकेक इंजिन बंद झालं. धूळ खाली बसली तशी माळावरची उभी राहिलेली पवनचक्की नीट दिसू लागली. आक्का बाहेर येऊन पायरीवर टेकली. तिची छाती शांत होती. टपरीवाली मंडळी लांबून बघत होती. त्यातला एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "रेट वाढवून घ्यायला लावलीय आडवी." आक्कानंही ते ऐकलं.

"बोलू दे त्यास्नी," ती म्हणाली. "तू बस."

मी तिच्या शेजारी बसलो. सुपरवायझरचा फोन संपला होता. तो आता आमच्याकडं बघत नव्हता, रस्त्याच्या खालच्या अंगाला बघत होता. तिकडून टँकर उचलायला पिवळी क्रेन हळूहळू वर येत होती. आक्कानं पंप हलवून पाहिला आणि माझं मनगट घट्ट धरलं.