प्रकाशाच्या गल्ल्या आणि सुरतेचे डोळे

तापीकाठच्या प्रकाशा गावातल्या गिरधरआप्पाला एका जागी बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर त्यानं पुढं यावं. बावीस वर्षं हा माणूस खांबावर नाहीतर कुणाच्या घराच्या धाब्यावर. गावातल्या अकराशे घरांत त्यानं केबलची तार नेली, नंदुरबारच्या वाहिनीवर गावचं भजन, कुस्ती, लग्न दाखवलं. कोणाच्या घरी कोणती मालिका चालते आणि त्यावरून सासूसुनांचं काय बिनसतं, हेही त्याला ठाऊक होतं.

मग मोबाइल आले. माणसं खाली माना घालून बघू लागली आणि तारांवर नुसत्या चिमण्या उरल्या. अकराशेंची एकशेचाळीस घरं झाली. गिरधर मात्र अजून रोज तारा बघत फिरे. "तुम्हना पायले भिंगरी शे," त्याची बायको मंगलाबाई म्हणे. "तार तुटनी नही, मानसं तुटनात. ते कसं जोडशात?"

तेवढ्यात नंदुरबारहून वाहिनीचा निरोप आला. यंदाची कानबाई देवीची मिरवणूक नेटवर थेट दाखवायची. हजार माणसं टिकली तर प्रकाशाचा कॅमेरा राहील, नाहीतर गावचं प्रक्षेपण बंद. वाहिनीचं नेटचं काम बघणारा भाग्येश फोनवर शिकवू लागला, "काका, पहिल्या अर्ध्या मिनिटात माणूस अडकला पाहिजे. एका चित्रावर दहा सेकंदांच्या वर थांबू नका. गल्लीबोळात वेळ घालवू नका, थेट घाटावर जा. भरलेली तापी, विसर्जन, गर्दी. लोकांना भव्य पाहिजे."

गिरधरला ते पटलं. चालत राहायचं, हे तर त्याला जन्मापासून येत होतं.

श्रावणातल्या त्या सोमवारी सकाळी नटवलेली कानबाई डोक्यावर घेऊन बाया निघाल्या. डफ वाजला, फुगड्या सुरू झाल्या. गिरधर एका मोबाइलच्या कॅमेऱ्यानं टिपत होता; सून ममता दुसऱ्या मोबाइलवर बघणाऱ्यांचा आकडा बघत त्याच्या मागं चालली होती. "आप्पा, नऊशे वीस!" गिरधरची छाती फुगली. त्यानं दोन फुगड्या टिपल्या, एक आरती टिपली, आणि मिरवणूक तिसऱ्या दारापाशी असतानाच तो घाटाकडं पळत सुटला. जागा धरायला हवी होती.

घाटावर तापी दुथडी भरलेली. त्यानं ती डावीकडून दाखवली, उजवीकडून दाखवली, देवळांचे कळस दाखवले.

"आप्पा, सहाशे."

त्यानं पाण्याच्या कडेला जाऊन दाखवली.

"चारशे, आप्पा. तीनशे दहा."

"काय लिही ऱ्हायनात लोके? वाच."

ममता चाचरली. मग वाचू लागली. "कोठे गया आप्पा? मन्ही मायनं दार यी ऱ्हायंतं, तव्हढाच पयना." "घाटवर काय शे? तापी ते आठे सुरतमा बी शे. मन्ही गल्ली दखाड."

गिरधर उभ्या जागी थिजला. खरंच की! कामधंद्यापायी सुरतेला गेलेली अर्धी गल्ली हीच तापी पुलावरून रोज ओलांडत होती. त्यांना तो नदी दाखवत बसला होता! कानबाई आपल्या दाराशी येऊन थांबते, त्या घटकेसाठी त्यांनी कारखान्यात, दुकानात मोबाइल उघडला होता. आणि जन्मभर दारोदार हिंडलेला हा माणूस दारं सोडून आला होता.

तो उलटा पळाला. चिखलात एक चप्पल राहिली, ती ममतानं उचलली.

मिरवणूक मधल्या गल्लीत होती. गल्लीची रीत अशी, की घर उघडं असो की कुलूपबंद, कानबाई दारापुढं थांबणारच; बंद दाराच्या उंबऱ्यावर शेजारीण पाणी घालते. गिरधर प्रत्येक दाराशी थांबू लागला. पाय पुढं ओढत होते. तो ओठ चावून उभा राहत होता. ममता हळूच आकडे सांगत होती. चारशे. साडेपाचशे.

सरलाबाईचं घर आलं. दोन वर्षांपासून कुलूप. सुरतेहून तिनंच लिहिलं होतं, "मन्ही तुयस जित्ती शे का?"

गिरधरनं कॅमेरा फाटकावरून अंगणातल्या वृंदावनाकडं वळवला. तुळस वाळून काटकी झाली होती. हे दाखवावं का? हात मागं येऊ लागला. पण शेजारच्या गंगीबाईनं फाटकाच्या उंबऱ्यावर पाणी घातलं आणि तांब्या हातात घेऊनच ती कॅमेऱ्यासमोर आली.

"सरले, दखी ले नीट! फाटकले कुलूप घाली गयी, मी काय भित चढसू? किल्ली धाडी दे, नवी तुयस लावसू."

बाया हसल्या. डफ थांबला होता. पुरं मिनिटभर पडद्यावर एक कुलूप, एक वाळकी तुळस आणि एक रागावलेली म्हातारी. गिरधरनं विचारलं, "कितला गयात?"

"एक बी नही गया, आप्पा."

शेवटचं दार होईतो दुपार झाली. मिरवणूक घाटाकडं वळली आणि मोबाइलची बॅटरी संपली. आकडा आठशे सत्तरावर थांबला होता.

ममताच्या मोबाइलवर भाग्येशचा फोन आला. "काका, विसर्जनच नाही? आणि हजारही झाले नाहीत."

"नहीत झाये."

पलीकडं कळफलकाची टकटक ऐकू आली. "पण माणूस सरासरी एक्केचाळीस मिनिटं थांबलाय. आमच्या बातम्यांना तीन मिनिटं थांबत नाही. मालकांशी बोललो. दसऱ्यापर्यंत कॅमेरा ठेवा म्हणालेत. पुढचं तेव्हा बघू."

दसऱ्यापर्यंत. गिरधरनं मनात दिवस मोजले, मग दारं मोजली. घरी ममतानं वही पुढं केली. वरच्या आळीतून सुरतेला गेलेल्या सव्वीस जणांनी आपापलं घर दाखवायला सांगितलं होतं. कुणाला चिंच बघायची होती, कुणाला बापाची खाट.

"जेवा ते खरं," मंगलाबाई ताट वाढत म्हणाली.

त्यानं भाकरीचा एक तुकडा मोडला, उभ्यानंच तोंडात टाकला, आणि मोबाइल किती चार्ज झाला ते बघायला आत गेला.