कुंकवाखालची चकती

वर्ध्याच्या एका कॉलेजात तानबा थूल सत्तावीस वर्षं भौतिकीच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. अणूच्या पोटात काय आहे, हे पोरांना भौतिकी शिकवणाऱ्या मेघा मॅडमच्या आधी तोच सांगतो.

"अंधारात गोटे मारत जा. बहुतेक आरपार जातात. एखादा ठण्णकन परत येते, तिथं खांब आहे समजा. अणूतला गाभा असाच सापडला. मग अजून जोरात मारले, त गाभ्यातल्या प्रोटॉनच्याही पोटात बारके दाणे निघाले."

त्याचे गोटे म्हणजे अल्फा कण. बटणाएवढ्या एका चकतीतून ते सुटतात. चकती शिशाच्या डबीत, कुलपात असते.

दसऱ्याला तानबा नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. यंदा जाताना उपकरणांच्या पूजेसाठी त्यानं चावी शिपाई अण्णाजींना दिली. परतला तेव्हा डबी रिकामी होती.

"पूजेत मांडली ना," अण्णाजी फोनवर म्हणाले. "इतकी कामाची चीज, तिले कुंकू नाई लावायचं? निर्माल्यात गेली असन. गोणी घेऊन मी पवनारले, नदीवर आहो."

"सोडू नका! कुंकू कायनं लावलं?"

"बोटानं. मंग प्रसाद खाल्ला. काऊन?"

चकतीवरचा पातळ थर फुटला असेल, तर आतलं किरणोत्सारी द्रव्य बोटावरून प्रसादात, अन् प्रसादातून अण्णाजींच्या पोटात.

मेघा मॅडमच्या स्कूटीवर कण मोजणारा काउंटर मांडीत धरून तो धाम नदीच्या काठावर पोचला. गोणी उलटी केली. झेंडूवरून काउंटर फिरवला. अधूनमधून एखादी टिक, बस.

"पाकळीही अल्फाला अडवते," मॅडम म्हणाल्या. "आवाज नाही म्हणजे चकती नाही, असं नाही."

हातमोजे घालून तानबानं एकेक फूल उचललं. अर्ध्या तासानं चकती सापडली, कुंकवाच्या जाड लेपाखाली.

त्यानं ती ओल्या कापसानं हलकेच पुसली. ओलही अल्फाला अडवते, म्हणून कापूस उन्हात वाळवला. आधी रिकामा काउंटर मिनिटभर लावला. बावीस टिका. आकाशातून कण येतात, मातीतूनही येतात. तेवढ्या कुठंही पडतात. मग कापूस समोर धरला.

"आता हे काय करून राह्यले?"

"बोलू नका, अण्णाजी."

टिक. टिक. मध्येच तीन लागोपाठ आल्या, तेव्हा मॅडमनी डोळे मिटले. अण्णाजी स्वतःच्या बोटाकडे बघत होते.

मिनिट संपलं.

"एकवीस," तानबा म्हणाला.

"म्हणजे?"

"कापसाला काही लागलं नाही. चकतीवरचा थर शाबूत आहे. घरी जा अन् जेवा."

अण्णाजी तिथंच खाली बसले.