एकशेवीसची घंटी

मुलगी घरात सलग मराठी बोलायला लागली, तेव्हाच मी ओळखलं की कुठेतरी पाणी मुरतंय.

एरवी तिचं मराठी म्हणजे ‘आई, मी ऑलरेडी खाल्लंय’ एवढंच. शाळा मस्कतमधली, मैत्रिणी केरळच्या नाहीतर हैदराबादच्या, त्यामुळे सगळा कारभार इंग्रजीत. त्या दिवशी मात्र मी ऑफिसातून येऊन चपला काढतेय, तोच ही चहाचा कप घेऊन समोर उभी. ‘आई, तू दमली असशील ना? बस जरा.’ दमली असशील! सोळा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, तिच्या बापानेसुद्धा नाही. मी कप घेतला, पण तोंडाला लावण्याआधी तिच्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं.

माझा स्वभाव मुळातच संशयी, त्यात नोकरीने भर घातली. मस्कतच्याच बौशर भागातल्या एका इन्शुरन्स कंपनीत मी क्लेमच्या काउंटरवर बसायचे. गाडी ठोकून आलेला प्रत्येक जण शपथेवर सांगणार, मॅडम, अचानक उंट आडवा आला. एकाने तर मॉलच्या पार्किंगमध्ये, तेही तळघरातल्या, उंट आणला होता. दिवसभर असलं ऐकलं की माणसाचं काय होणार? घरी आल्यावर कुणी ‘भूक लागली’ म्हटलं तरी पुरावा मागावासा वाटायचा.

चहा अर्धा झाल्यावर तिने पाठ केल्यासारखं एका दमात सांगितलं, ‘आई, मला ड्रॅग रेसिंग ट्राय करायचंय. सेफली. रस्त्यावर नाही, ट्रॅकवर.’

मी कप खाली ठेवला. ‘कोण मुलगा आहे?’

‘कसला मुलगा?’

‘तेच विचारतेय मी.’

ती इतकी हसली की मला जास्तच राग आला. मग दप्तरातून घडी केलेला कागद काढला. शहराबाहेरच्या ट्रॅकवर तिच्या वयाच्या मुलामुलींसाठी एक दिवसाचं ट्रेनिंग होतं. छोटी गाडी, हेल्मेट, अंगाभोवती पाच पट्टे, शेजारी ॲम्ब्युलन्स उभी. चारशे मीटरची सरळ पट्टी, दिवा हिरवा झाला की सुटायचं, शेवटी थांबायचं, संपलं. खाली वडिलांची सही हवी होती. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला अरबी. अरबी मला वाचता येत नाही, म्हणून त्या बाजूवर माझा विशेष संशय.

‘बाबांना विचार,’ मी म्हटलं. कारण ‘नाही’ म्हणायचं काम नेहमी माझ्याच गळ्यात पडतं, एकदा त्यांनाही करू दे.

पण स्वस्थ थोडीच बसणार? दुसऱ्या दिवसापासून माझी चौकशी सुरू. कॉलेजमधल्या पोरांचे आईबाप झोपले की गाड्या बाहेर निघतात, हे मी काउंटरवर रोज बघत होते. मी गाडीचे किलोमीटर लिहून ठेवायला लागले. सीट मागे सरकवलीय का, आरसा हललाय का, टायर घासलेत का, सगळं तपासलं. काही म्हणजे काही सापडलं नाही. त्याने समाधान व्हावं ना? छे! मला वाटलं, पोरगी भलतीच हुशार दिसतेय, मागे काही ठेवत नाही.

आता गाडीबद्दल सांगायला हवं. माझे मिस्टर तेव्हा दीडशे किलोमीटरवरच्या इब्रा गावात बिल्डिंग मटेरियलच्या एका दुकानाचे मॅनेजर होते. मुलीच्या शाळेसाठी आम्ही दोघी बौशरला. त्यांना सुट्टी फक्त शुक्रवारची. म्हणून दर गुरुवारी ऑफिस सुटलं रे सुटलं की मी मुलीला मागच्या सीटवर घालायची आणि इब्रा गाठायची. ती उशी घेऊन आडवी व्हायची, पाय दाराला लावून, कानात गाणी. मागचे सीटबेल्ट कधीच नव्या कव्हरखाली गाडले गेले होते. आपल्याकडे कव्हर महत्त्वाचं, सीट खराब होता कामा नये!

आणि मी? मी गाडी हाणायची. एकशेतीस, एकशेचाळीस. रडार कुठे कुठे बसवलेत ते मला रामरक्षेसारखं पाठ होतं. तेवढ्या जागी एकशेवीस, पुढे पुन्हा पाय दाबलेला. आठवड्यातून दोनच संध्याकाळी नवऱ्यासोबत बसून गरम जेवायचं, त्यातलाही अर्धा तास रस्त्यात का घालवू? असं मी स्वतःला समजवायची. खरं म्हणजे मला वेग आवडायचा. आठवडाभर खोटे उंट ऐकल्यावर मोकळा रस्ता मिळाला की जीव हलका व्हायचा.

अडचण एकच होती, ती घंटी. इकडच्या गाड्यांत एकशेवीसच्या वर काटा गेला की टिंग टिंग, टिंग टिंग, थांबतच नाही. सासू मागे बसल्यासारखं. आधीच्या वर्षी जवळच्या घला भागातल्या गॅरेजमध्ये तेल बदलायला गेले, तेव्हा तिथल्या मेकॅनिकला म्हटलं, ये बंद होता है क्या? तो म्हणाला, मॅडम, पाँच मिनट का काम. पाचसुद्धा लागली नाहीत. स्टेअरिंगच्या खाली हात घातला, एक वायर कापली, काळी टेप गुंडाळली. मुलगी शेजारी उभी राहून लबान, म्हणजे इकडचं ताक, पीत होती. ‘बाबांना कशाला सांगायचं,’ एवढंच मी तिला म्हटलं होतं.

तर त्या आठवड्यात आम्ही इब्राला पोचलो आणि शुक्रवारी सकाळी नाश्त्याला ‘सेफली, बाबा’ म्हणत तिने बापासमोर कागद ठेवला. मला वाटलं, आता फुटणार बाँब. पण हे शांतपणे दोन्ही बाजू वाचत बसले, त्यांना अरबी जमतं. मग म्हणाले, ‘आयुष्यभर मी अर्बाबकडे एनओसी मागत फिरलो, आता घरात माझ्याकडे कोणीतरी मागतंय.’ सलालाहला चांगली नोकरी मिळत होती तेव्हा अर्बाबने, म्हणजे मालकाने, नोकरी बदलायच्या परवानगीवर सही दिली नव्हती, कारणही सांगितलं नव्हतं, ते त्यांच्या मनातून गेलेलं नाही. ‘विचार करतो,’ ते म्हणाले, पण सूर होकाराचा होता. पोरीचा चेहरा असा फुलला की माझा संशय पुन्हा जागा झाला. नुसत्या चारशे मीटरसाठी कोणी एवढं खूश होतं का?

मासळी आणायला हे बाहेर पडले. त्यांच्या पिकअपची बॅटरी उतरली होती म्हणून आमची गाडी घेऊन गेले. अर्ध्या तासाने परत आले ते तोंड पाडून. मासळीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, ‘हायवेवर एका टँकरला ओव्हरटेक केलं. एकशेपंचवीसला गेली गाडी. घंटी वाजली नाही.’

मी आमटीत पळी फिरवत होते. ती फिरवतच राहिले.

‘बिघडली असेल,’ मी म्हटलं.

‘बिघडलेली नाही. खाली वाकून बघितलं मी. वायर कापून वर टेप लावलीय.’ मग ते मुलीकडे वळले. ‘म्हणून सेफली का?’

तिने माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी तेव्हा बोलायला हवं होतं. ‘अहो, ती वायर मी कापून घेतली,’ एवढं एक वाक्य. पण मी गॅस बारीक केला. दर आठवड्याला ‘सावकाश ये गं’ म्हणून फोन करणारा माणूस तो. त्याला काय सांगू, तुझ्या पोरीला मागे झोपवून मी एकशेचाळीसने येते म्हणून?

‘सॉरी, बाबा,’ मुलगी म्हणाली.

‘ज्याने वायर कापली त्याने स्टेअरिंगला हात लावायचा नाही. ट्रॅकवरही नाही. खलास.’ त्यांनी कागदाची घडी घालून शर्टाच्या खिशात टाकली आणि मासळी साफ करायला घेतली. सुरमई होती. माझ्या घशाखाली उतरली नाही.

शनिवारी परत येताना मी शंभरच्या वर गेले नाही. मुलगी मागे गप्प. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. मला वाटायला लागलं, ही गप्प बसलीय म्हणजे हिशेब धरून बसलीय. आता माझी शेंडी हिच्या हातात. नवा फोन मागेल, मैत्रिणीकडे राहायला जाऊ दे म्हणेल, नाही म्हटलं की बापाला सांगेन म्हणेल. रविवारी तिने स्वतःहून भांडी घासली. झालं, मी म्हटलं, सुरुवात झाली. सोमवारी कपडे वाळत घातले. मंगळवारी मी इतकी वैतागले की ऑफिसात एका खऱ्या उंटवाल्या माणसालाही झाडलं. बिचाऱ्याकडे पोलिसांचा कागद होता.

बुधवारी संध्याकाळी ती अभ्यासाला बसली होती, तिथे जाऊन उभी राहिले. ‘काय पाहिजे तुला?’

‘कुठे काय?’

‘नाटकं पुरे. बाबांना सांगितलं नाहीस, त्याच्या बदल्यात काय हवंय ते एकदाचं बोल.’

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला आधी कळलंच नाही मी काय विचारतेय. कळलं तेव्हा डोळे भरून आले तिचे.

‘बाबांनी गाडी काढून घेतली असती,’ ती म्हणाली. ‘मग थर्सडेला आपण कसं गेलो असतो? तू फक्त थर्सडेला हॅपी असतेस, आई.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवडाभर मी हिच्यावर पाळत ठेवली, किलोमीटर मोजले, आणि गाडीतला चोर तर रोज चावी घेऊन फिरत होता. वर हिने स्वतःची हौस माझ्या गुरुवारांसाठी सोडली, मागितलं काहीच नाही. मी तिला जवळ घ्यायला गेले तर म्हणाली, ‘ओके, ओके, उद्या केमिस्ट्रीची टेस्ट आहे.’

गुरुवारी इब्राला पोचल्या पोचल्या, चपलाही न काढता, मी बोलून टाकलं. ‘अहो, ती वायर मी कापून घेतली होती. गेल्या वर्षी.’

तर हे हसले! ‘आईची माया मी समजू शकतो. पण तिच्यासाठी खोटं बोलू नकोस.’

‘खोटं नाही बोलत. मीच.’

‘अगं, तू? तू तर ऐंशीच्या वर जात नाहीस.’ त्यांच्याबरोबर गाडीत असताना मी जात नव्हतेच.

क्लेमच्या काउंटरवर बसून दुसऱ्यांचे पुरावे मागणारी मी, आता माझ्याकडे पुरावा मागितला जात होता. शेवटी मी मेकॅनिकला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मी कोण ते सांगेपर्यंत तोच ओरडला, ‘हाँ हाँ, मॅडम, बेलवाली गाडी! फिर से बज रही है क्या?’

यांचं हसणं थांबलं. त्यांनी मोबाइल उचलून फोन बंद केला. मग मुलीला विचारलं, ‘तू सॉरी का म्हणालीस?’ तिने खांदे उडवले. त्यांनी कपाटातून तो कागद काढला, टेबलावर सरळ केला आणि सही केली. मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी चावी त्यांच्या तळहातावर ठेवली. नियम त्यांचाच होता, मी कुठल्या तोंडाने वाद घालणार? शनिवारी आम्ही दोघी बसने परतलो. पुढचे दोन महिने गुरुवारी दुकान बंद करून तेच पिकअपने बौशरला आले. यायला रात्रीचे दहा वाजायचे, जेवण गार झालेलं असायचं, पण गुरुवार काही चुकला नाही.

ट्रॅकवर आम्ही तिघे गेलो. जानेवारीची सकाळ, छान ऊन. मला अजूनही कुठेतरी वाटत होतं की एखादा मुलगा फूल घेऊन उभा असेल. होता तो एक टकलू फायरमन, खजूर खात बसलेला. छोट्या निळ्या गाडीत मुलीला बसवलं, हेल्मेट घातलं, आणि ट्रेनिंग देणारी ओमानी बाई मला म्हणाली, ‘पट्टे आईने बांधायचे. मी बांधलेले चालत नाहीत, हा आमचा नियम.’ हे तारेच्या कुंपणाला धरून उभे होते. मी वाकले.

खांद्यांवरून दोन, कमरेला दोन, खालून एक. ‘आई, टाइट कर, लूज नको,’ हेल्मेटच्या आतून ती म्हणाली. मी एकेक पट्टा ओढून बघितला आणि मला आमची मागची सीट आठवली. उशी, दाराला टेकवलेले पाय, आणि पुढे काटा एकशेचाळीसवर. इतके गुरुवार. मला रडू आलं, पण हात थांबवला नाही. स्वतःच्या पोरीचा पट्टा मी माझ्या हाताने ओढून बघितला तो त्या दिवशी पहिल्यांदा, तेही परक्या बाईने सांगितलं म्हणून.

‘ओके?’ बाईने विचारलं.

‘थांबा जरा,’ मी म्हटलं, आणि पहिल्यापासून पाचही पट्टे पुन्हा तपासले.